झोपेत झाडलेल्या लाथा आणि जागेपणी न आवरणारा हात: पार्किन्सन्सच्या सुरुवातीला काय ओळखायचं, काय करायचं

एखादा शांत स्वभावाचा माणूस साठीच्या आसपास झोपेत ओरडू लागतो, शेजारी झोपलेल्या जोडीदाराला गुद्दे मारतो. काही वर्षांनी त्याच्या हाताला कंप सुटतो, पार्किन्सन्सचं निदान होतं, गोळ्या सुरू होतात. मग कधीतरी घरच्यांच्या लक्षात येतं की तो पहाटेपर्यंत फोनवर पैसे लावून खेळतोय, किंवा घरात एकाच वस्तूची पाचवी पेटी येऊन पडली आहे. घरात या दोन्हींना एकच नाव मिळतं: 'ताबा सुटला'.

पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. झोपेतली मारामारी हा आजाराचाच भाग असतो. दिवसाचा अनावर मोह बहुतेक वेळा औषधातून येतो. पहिली गोष्ट जोडीदाराला रात्रीच कळते. दुसरी महिनोन्महिने कोणालाच कळत नाही, कारण ती लपवली जाते. म्हणून दुसरीवरची नजर पहिली गोळी पोटात जाण्याआधीच ठरलेली असावी. या लेखातला बराचसा भाग त्या नजरेबद्दल आहे.

आधी रात्रीचा प्रकार नीट ओळखा

आपण स्वप्नं बघतो त्या झोपेला रेम झोप म्हणतात. त्या वेळी मेंदूचा देठ शरीराचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, म्हणून स्वप्नात कितीही धावलो तरी पाय हलत नाहीत. हे कुलूप निकामी झालं की माणूस स्वप्न अंगाने जगतो: लाथा, ठोसे, शिव्या, पलंगावरून उडी. याला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, थोडक्यात आरबीडी, म्हणतात. मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये माणसांमध्ये याचं पहिलं रीतसर वर्णन केलं.

झोपेत बडबडणारा प्रत्येक जण आरबीडीचा रुग्ण नसतो. ओळखण्यासाठी चार गोष्टी बघा.

वेळ: आरबीडीचे झटके बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे येतात, कारण रेम झोप तेव्हा जास्त असते. झोपेत चालण्याचा प्रकार झोप लागल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत होतो.

डोळे: आरबीडीत मिटलेले असतात, झोपेत चालणाऱ्याचे उघडे.

जागं केल्यावर: आरबीडीचा माणूस लगेच भानावर येतो आणि 'कुत्रा अंगावर आला होता' असं स्वप्न सांगू शकतो. झोपेत चालणारा गोंधळलेला असतो, त्याला काही आठवत नाही.

जागा: आरबीडीचा माणूस सहसा खोलीबाहेर जात नाही. दार उघडून स्वयंपाकघरापर्यंत गेला तर दुसरं कारण शोधा.

झोपेत हल्ले चढवणारी ही माणसं दिवसा बहुतेक वेळा मवाळ असतात. स्वप्नात त्यांच्यावर कोणीतरी चालून आलेलं असतं आणि ती स्वतःला किंवा जोडीदाराला वाचवत असतात. तेव्हा त्या गुद्द्यांतून मनात दडलेला राग शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

तपासणीला जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा: तारीख, झटक्याची वेळ, काय केलं, स्वप्न आठवलं का, इजा झाली का. फोनवर एक-दोन झटक्यांचं चित्रण करता आलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. तरी पक्कं निदान रात्रभराच्या स्लीप स्टडीशिवाय होत नाही. त्यात हनुवटीच्या आणि हातापायांच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली जाते. ही तपासणी टाळू नका. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हुबेहूब आरबीडीसारखा दिसू शकतो आणि त्याचा उपचार सर्वस्वी वेगळा आहे. नैराश्यावरची काही औषधं, विशेषतः एसएसआरआय गटातली आणि व्हेन्लाफॅक्सिन, आरबीडी उघड करतात किंवा वाढवतात. औषधांची पूर्ण यादी सोबत न्या.

दुसरं कोणतंही कारण नसलेली आरबीडी ही पार्किन्सन्स आणि त्याच्या भावंड-आजारांची सर्वांत ठळक पूर्वसूचना मानली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ केंद्रांच्या अभ्यासात १,२८० रुग्णांचा पाठपुरावा झाला. दरवर्षी सुमारे ६.३ टक्के लोकांमध्ये पार्किन्सन्स, लुई बॉडी डिमेन्शिया किंवा मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी यांपैकी काहीतरी प्रकट झालं, आणि बारा वर्षांत हा आकडा ७३.५ टक्क्यांपर्यंत गेला. वास कमी येणं, जुनाट बद्धकोष्ठता, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं ही लक्षणं सोबत असतील तर शक्यता वाढते. हे रुग्णाला सांगावं का, कधी, किती, हे त्याला स्वतःला विचारून ठरवावं. आजार थांबवणारं सिद्ध औषध अजून हाती नसताना आकडेवारी तोंडावर फेकणं हे उपचारात मोडत नाही. नियमित व्यायाम आणि वर्षातून एकदा मेंदूविकारतज्ज्ञांकडे तपासणी एवढं मात्र आवर्जून करावं.

झोपण्याची खोली

गोळीआधी खोली. गादी जमिनीवर किंवा शक्य तितकी खाली घ्या. पलंग खिडकीपासून आणि टोकदार फर्निचरपासून दूर सरकवा. उशाशी काचेचा पेला, दिवा, चष्मा ठेवू नका. जमिनीवर जाड सतरंजी किंवा जुनी गादी अंथरा. धारदार वस्तू आणि शस्त्रं कुलपात ठेवा. झटके आवरेपर्यंत जोडीदाराने वेगळ्या अंथरुणात झोपावं. यात नात्याचा प्रश्न येत नाही, प्रश्न फुटणाऱ्या डोळ्याचा आहे. झटका चालू असताना अंगाला धरून हलवू नका, तो स्पर्श स्वप्नातला हल्ला ठरतो. दोन पावलं लांबून नावाने हाक मारा.

औषधांत मेलाटोनिन बहुधा आधी वापरतात: झोपताना ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात, गरजेप्रमाणे ६ ते १२ मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा पर्याय क्लोनाझेपाम, ०.५ ते २ मिलिग्रॅम. ते प्रभावी आहे, पण वयस्कांना सकाळी गुंगी येते, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते आणि स्लीप अ‍ॅप्निया असेल तर श्वासाची अडचण वाढते. स्लीप स्टडी आधी करायची ती याच्याचसाठी.

दिवसाचा मोह कुठून येतो

आजारामुळेच स्वभाव असा झाला, असं मानण्याकडे घरच्यांचा कल असतो. पण औषध सुरू न झालेल्या नव्या पार्किन्सन्स रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली तेव्हा अनावर वर्तनाचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं निघालं. फरक पडतो तो औषधानंतर. उत्तर अमेरिकेतल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट (मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाची नक्कल करणारी औषधं) घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत किमान एक आवेग-विकार, म्हणजे मोह न आवरण्याचा विकार, सापडला. न घेणाऱ्यांत तो ६.९ टक्के होता.

कारण समजून घेतलं तर बाकीचं आपोआप उलगडतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन सगळीकडून सारखं आटत नाही. मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाचा हालचाली सांभाळणारा वरचा, मागचा पट्टा आधी कोरडा पडतो. बक्षीस, हाव आणि उत्सुकता हाताळणारा खालचा पट्टा सुरुवातीची बरीच वर्षं तुलनेने शाबूत राहतो. कोरड्या वाफ्याला पुरेल इतकं पाणी सोडलं की ओला वाफा तुंबतो. शिवाय प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि रोटिगोटिनची पट्टी ही औषधं डी३ नावाच्या ग्राहींवर (पेशींवरच्या डोपामाइन पकडणाऱ्या जागांवर) विशेष जोराने बसतात, आणि हे ग्राही त्या खालच्या पट्ट्यातच दाट असतात. आजार सुरुवातीचा, रुग्ण तुलनेने तरुण आणि औषध अ‍ॅगोनिस्ट, हे तिन्ही एकत्र म्हणूनच जास्त जोखमीचं.

पार्किन्सन्ससोबत आरबीडी असलेल्यांमध्ये आवेग-विकार जास्त दिसतात, असंही अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून रात्री लाथा झाडण्याचा इतिहास असेल तर तो अ‍ॅगोनिस्ट लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा. दोन तक्रारी दोन वेगळ्या डॉक्टरांकडे चालू असतील तर ही माहिती हमखास मध्येच अडकते.

पहिल्या गोळीच्या आधी

अ‍ॅगोनिस्ट सुरू होण्याच्या आठवड्यात एक तास काढून पुढचं करून ठेवा.

१. जोखीम तपासा. पूर्वी दारू, तंबाखू किंवा जुगाराचं व्यसन, घराण्यात कोणाला ते असणं, नैराश्य, नव्या थराराची ओढ, कमी वयात आजार. यांतलं काही असेल तर 'अ‍ॅगोनिस्टऐवजी लेव्होडोपाने सुरुवात करता येईल का' हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामाइनच बनतं; त्यानेही धोका शून्य होत नाही, पण कमी असतो. पार्किन्सन्समध्येच दिल्या जाणाऱ्या अमँटाडीनचं नावही असा मोह वाढवू शकणाऱ्या औषधांत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

२. आजची पातळी लिहून ठेवा: महिन्याचा सरासरी वैयक्तिक खर्च, वजन, फोनवर आणि संगणकावर जाणारे तास, झोपण्याची वेळ, छंदांना दिला जाणारा वेळ. पुढे 'मी पहिल्यापासून असाच आहे' हा वाद होतोच. त्या वेळी हा कागद बोलतो.

३. एक साक्षीदार ठरवा. जोडीदार, मुलगी, भाऊ, कोणीही चालेल, पण रुग्णाने स्वतः तोंडाने परवानगी दिलेली हवी: 'माझ्यात बदल दिसला तर तू थेट डॉक्टरांना सांगायचंस.' ही परवानगी औषधाआधी सहज मिळते. नंतर मागितली तर तिचा अर्थ संशय असा घेतला जातो.

४. पैशांची कुंपणं घाला. मोठ्या रकमेच्या व्यवहाराचा संदेश दोघांच्या फोनवर येईल असं करा, कार्डावर रोजची मर्यादा लावा, मोठ्या ठेवींना दोन सह्या ठेवा. कुंपण घालताना कोणीही चुकलेलं नसतं, त्यामुळे अपमानही होत नाही.

काय बघायचं

चार मुख्य प्रकार: जुगार, खरेदी, खाणं आणि कामवासना. पुरुषांमध्ये कामवासनेचा प्रकार जास्त दिसतो, स्त्रियांमध्ये खरेदी आणि खाण्याचा. एकाच माणसात दोन प्रकारही असू शकतात. २००९ मध्ये तयार झालेली 'क्विप' ही प्रश्नावली याच गोष्टी विचारते आणि डॉक्टरांकडे ती भरून घेता येते.

जुगाराचं रूप आता बदललं आहे. फोनवरचे पैशांचे खेळ, क्रिकेटवरचा सट्टा, शेअर बाजारात दिवसभर चालणारी उलटसुलट खरेदी-विक्री हे सगळं त्यात धरा. 'जुगार खेळता का?' असं विचारलं तर उत्तर प्रामाणिक 'नाही' येतं, कारण त्या माणसाच्या लेखी तो जुगार नसतोच.

यापलीकडे दोन प्रकार सहज नजरेतून सुटतात. एक म्हणजे निरुद्देश, चक्रासारखं काम: घड्याळ उघडून सगळे भाग मांडणं आणि परत न जोडणं, त्याच कपाटातले खिळे पुन्हा पुन्हा वेगळे करणं, आंतरजालावर तासन्‌तास एकाच विषयाचं शोधत राहणं. याला पंडिंग म्हणतात. माणूस व्यग्र दिसतो, म्हणून घरचे समाधानी असतात. हाक मारून उठवलं की चिडतो, ही त्याची खूण. दुसरा प्रकार म्हणजे लेव्होडोपाच्या जादा गोळ्या खाणं. हालचाल ठीक असतानाही 'अजून एक हवी', ठरलेल्या वेळेआधी पाकीट संपणं, गोळ्या खिशात किंवा उशीत सापडणं. आठवड्याच्या खणांचा डबा वापरा आणि दर रविवारी मोजणी करा.

रात्री उठून खाण्याबद्दल थोडं सावकाश, कारण इथे फसगत होते. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळीवर माणूस झोपेतच उठून खातो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. अशा झोपेतल्या गुंतागुंतीच्या वर्तनामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये या गटावर सर्वांत कडक इशारा लावला. अ‍ॅगोनिस्टवरचा माणूस मात्र पूर्ण जागा असतो, त्याला सगळं आठवतं आणि लाजही वाटते. सकाळी विचारायचा एकच प्रश्न: 'रात्री खाल्लेलं आठवतं का?' उत्तरावरून कोणत्या औषधाकडे बघायचं ते ठरतं.

प्रश्न कसा विचारायचा, तेही महत्त्वाचं. आरोपाने सुरुवात केली तर दार बंद होतं. 'या गोळीने काही जणांना खरेदी किंवा खेळ आवरत नाही असं होतं, तुम्हाला तसं काही जाणवतं का?' असा औषधाकडे बोट दाखवणारा प्रश्न उत्तर मिळवून देतो. कामवासनेबद्दल मुलांसमोर विचारू नका. डॉक्टरांकडे जोडीदाराला पाच मिनिटं वेगळं बोलू द्या, आणि रुग्णालाही.

ही विचारपूस कधी करायची? औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर पहिली सहा महिने दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. वर्तन कधीकधी औषध सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही सुरू होतं, तेव्हा 'इतके दिवस काही झालं नाही' हा दिलासा खोटा आहे.

सापडलं तर

पहिला नियम: गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नका. पार्किन्सन्सची औषधं अचानक थांबवली तर शरीर ताठरतं, ताप चढतो, शुद्ध हरपते, आणि हे जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट बघू नका. तोपर्यंत कार्डं आणि पैशांचे खेळ असलेला फोन साक्षीदाराच्या ताब्यात द्या. मोठ्या कर्जाचे किंवा मालमत्तेचे कागद पुढे आले असतील तर सही थांबवा.

डॉक्टर सहसा अ‍ॅगोनिस्टची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि हालचाल टिकवण्यासाठी लेव्होडोपा वाढवतात. साधारण हिशोब असा: १ मिलिग्रॅम प्रामिपेक्सोल म्हणजे जवळपास १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, १ मिलिग्रॅम रोपिनिरोल म्हणजे २०, १ मिलिग्रॅम रोटिगोटिन म्हणजे ३०. हा हिशोब डॉक्टरांच्या वापराचा आहे, घरी गोळ्या बदलण्यासाठी नाही. पण 'दिसायला छोटी' प्रामिपेक्सोलची गोळी किती जड असते, ते यावरून समजतं. एका अ‍ॅगोनिस्टवरून दुसऱ्यावर जाऊन प्रश्न सुटेल ही आशा फारशी धरू नका.

मात्रा उतरताना काहींना घाबरणं, घाम, अंगदुखी, खोल उदासी आणि औषधाची तीव्र ओढ असा त्रास होतो. लेव्होडोपा वाढवूनही तो हटत नाही. याला अ‍ॅगोनिस्ट सोडण्याचा लक्षणसमूह म्हणतात, २०१० मध्ये त्याचं वर्णन झालं. ज्यांना आवेग-विकार झाला त्यांच्यातच तो जास्त दिसतो, म्हणजे ज्याला गोळी सोडायची सर्वांत जास्त गरज त्यालाच सोडणं सर्वांत अवघड. घरच्यांना हे आधीच माहीत असलं की 'नाटकं करतोय' असं म्हटलं जात नाही. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं तर त्याच दिवशी मदत घ्या. वेग कमी करून, आठवड्यांऐवजी महिन्यांचा वेळ घेऊन उतरवणं हाच मुख्य मार्ग. सोबत वर्तनावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, ज्याला सीबीटी म्हणतात, उपयोगी पडते.

गेलेला पैसा आणि विटलेलं नातं औषध उतरल्यावर परत येत नाही. वर्तन मात्र बहुतेकांमध्ये हळूहळू ओसरतं. जोडीदाराने डॉक्टरांच्या तोंडून 'हे औषधामुळे झालं' हे वाक्य ऐकणं फार गरजेचं असतं, म्हणून त्या भेटीला दोघांनी जावं.

पार्किन्सन्स नसलेले, पण तीच गोळी घेणारे

रेस्टलेस लेग्ज म्हणजे संध्याकाळी पायांत मुंग्या आल्यासारखी बेचैनी आणि हलवल्याशिवाय चैन न पडणं. यासाठीही प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल वर्षानुवर्षं दिली गेली. मात्रा छोटी असते: प्रामिपेक्सोल ०.१२५ ते ०.५ मिलिग्रॅम, तर पार्किन्सन्समध्ये ती दिवसाला ४.५ मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणून इथे आवेग-विकाराबद्दल कोणी विचारतच नाही. पण तो इथेही होतो.

शिवाय एक सापळा आहे. काही वर्षांनी हेच औषध बेचैनी वाढवू लागतं: ती रात्रीऐवजी दुपारी सुरू होते, हातांत पसरते, बसल्यावर लवकर उठते. याला ऑग्मेंटेशन म्हणतात. रुग्णाला वाटतं मात्रा कमी पडते, मात्रा वाढते, बेचैनी आणखी वाढते आणि त्या वाढलेल्या मात्रेबरोबर मोहाचा धोकाही. त्यामुळे झोपवैद्यकाच्या अमेरिकन अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शनात या औषधांचा नेहमीचा वापर टाळण्याचा सल्ला दिला. आधी गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिनसारखे पर्याय बघतात.

पण सगळ्यांत पहिली पायरी रक्तातलं लोह. तपासणी सकाळी करा, त्याआधी किमान २४ तास लोहाची गोळी आणि लोहयुक्त आहार टाळा, नाहीतर आकडा खोटा वर येतो. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ७५ किंवा त्याखाली, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह भरून काढायचं. सर्वसाधारण प्रयोगशाळा यातले कितीतरी आकडे 'नॉर्मल' छापते, म्हणून अहवालावरचा शब्द सोडा, आकडा वाचा. सर्दी-अ‍ॅलर्जीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइडही बेचैनी भडकवतात. मेटोक्लोप्रमाइड तर पार्किन्सन्समध्येही वर्ज्य.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढंच न्या: सर्व औषधांची नावं, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख, रात्रीच्या झटक्यांची दोन आठवड्यांची नोंद, मात्रा बदलल्याच्या तारखेसमोर त्या महिन्याचा खर्च आणि वजन. दोन स्तंभ शेजारी ठेवले की मात्रा वाढली तो महिना आणि पेट्या यायला लागल्या तो महिना बऱ्याचदा एकाच ओळीत सापडतात.